तुम्ही केलेलं मी विसरलेले नाही

३ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांचा निरोप आला. निरोप कसला, दयेचा दाखला! ‘तुमचं टेबल अजून रिकामं ठेवलंय. एप्रिलअखेरपर्यंत ठेवू.’ अकरा वर्षं ज्यांच्या ऑफिसात राबले आणि ज्यांच्या टेबलावर किल्ली आपटून बाहेर पडले, ते आता माझ्यासाठी खुर्ची पुसून वाट बघतायत. म्हणजे मी पडणार याची त्यांना खात्री आहे.

आणि खोटं कशाला लिहू? मलाही आज दुपारी तसंच वाटलं. सहा महिन्यांत नवीन अशील तीन. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट वर्षभर बंद, बासष्ट पायऱ्या. ताई म्हणते, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुझ्या ऑफिसच्या पायऱ्या तर वेडासुद्धा चढायचा नाही.” ताई, माझी थोरली बहीण, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन, माझ्या फायली आणि माझं डोकं सांभाळते. पगार घेत नाही, टोमणे मारते.

मी चिडून म्हणाले, “गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्याला निदान मरू तरी देतात. वकिलाला खटला जिंकल्यावर रस्त्यात ओळखसुद्धा देत नाहीत! इतक्या लोकांसाठी घसा फोडला, आहे कुणाला जाण?”

ताईनं शांतपणे स्टेपलरमध्ये पिना भरल्या. “तू किती जणांचे मानलेस?”

“काय?”

“आभार. जिंकलेल्या खटल्यांत काय तू एकटीच बोलत होतीस?”

हे ती मला विचारते. मला! जिला कोर्टात ‘तोफ’ म्हणतात!

५ फेब्रुवारी

ठरलं. वकिलाला जाहिरात करता येत नाही, पण आभार मानायला कुठल्या नियमाची बंदी आहे? आठवड्याला दहा पत्रं, सगळी हातानं लिहिलेली. काम मागायचं नाही, कार्ड जोडायचं नाही. प्रत्येक पत्रात त्या माणसानं केलेली एक नेमकी गोष्ट लिहायची, कारण मोघम आभार म्हणजे गार चहा. आणि शेवटचं वाक्य सगळ्यांना एकच: ‘तुम्ही केलेलं मी विसरलेले नाही.’

लिहून पाहिलं आणि अंगावर काटा आला. कृतज्ञ म्हणजे तरी काय? केलेलं जाणणारा. शब्दातच सगळं आहे. आपण तो भाषणाच्या शेवटी तोंडी लावण्यापुरता वापरतो.

पहिली दहा आज गेली. एक कोर्टातल्या टंकलेखिकेला, एक पाववाल्याला. ताईनं आव्हान दिलं म्हणून एक ‘काटेतराजू’लाही, म्हणजे लिफ्टच्या खटल्यात माझ्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या वाळक्या, मोजूनमापून बोलणाऱ्या वकिलाला. आणि एक त्याच खटल्यातल्या मिस्त्रीला.

तो खटला माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा. सात मजली इमारत, चौथ्या मजल्यावरून लिफ्ट कोसळली. आत निवृत्त गणिताच्या बाई आणि त्यांचे यजमान. यजमान गेले, बाई काठीवर आल्या. मी बाईंच्या बाजूनं उभी होते. इमारतीचा व्यवस्थापक म्हणत होता, मला कुणी धोका सांगितलाच नव्हता. लिफ्टची देखभाल करणारा मिस्त्री म्हणत होता, सांगितला होता. तोंडी शब्दाला तोंडी शब्द. मी मिस्त्रीला समोर बसवून म्हणाले होते, “तुमच्यासारखा चोख माणूस नोंद केल्याशिवाय राहील? नोंद असणारच. घरी जा, वही नीट बघा.” तीन दिवसांनी वही घेऊन आला. होती! अपघाताच्या सहा दिवस आधीच्या पानावर, दोन ओळींच्या मधे दाटीवाटीनं बसलेली एकच इवली ओळ: ‘दोर झिजला. लिफ्ट बंद ठेवण्यास व्यवस्थापकांस सांगितले.’ व्यवस्थापकाच्या बाजूनं काटेतराजूनं विचारलं होतं, ही अशी मधे का? मी उठून म्हणाले, “सत्य दाटून आलं की त्याला जागा कमीच पडते!” न्यायाधीशही हसले होते. व्यवस्थापकाला चार वर्षं झाली. दोन भोगून झाली असतील.

मिस्त्रीला लिहिलं: ‘तीन वर्षं झाली, पण तुमच्या हातची ती ओळ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती नसती तर काय झालं असतं ते तुम्ही आणि मी, दोघंही जाणतो. तुम्ही केलेलं मी विसरलेले नाही.’

वाचून दाखवलं तर ताई म्हणाली, “छान आहे. थोडं अंगावर येतं.”

आभार अंगावर यायलाच हवेत!

१४ फेब्रुवारी

टंकलेखिका मधल्या सुट्टीत मला शोधत आली. माझा हात धरून उभी राहिली. वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द टंकतेय, तिच्या नावानं कुणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या म्हणे. संध्याकाळी तिचा मेहुणा भाडेकराराचं काम घेऊन हजर.

पाववाल्यानं भाऊ पाठवला. नऊ दिवसांत दोन अशील! आणि आम्ही मेले इतकी वर्षं ओळखीपाळखी करत, मेजवान्या झोडत हिंडत होतो.

काटेतराजूचं उत्तरही आलं. पोस्टकार्डएवढं. ‘पत्र पोचलं. “तुमच्यामुळे मला अधिक तयारी करावी लागली” हे वाक्य तुरुंगात जाऊन माझ्या अशिलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मलाही एक पाठवायला सांगा.’

विंचवाला सुद्धा एवढा नेमका डंख जमत नाही. पोस्टकार्ड खणात टाकलं.

१९ फेब्रुवारी

चमत्कार! सकाळी येऊन बघते तर आमच्या बंद लिफ्टच्या खड्ड्यात कुणीतरी उतरलेलं. मिस्त्री! पत्र मिळालं, इमारतीचा पत्ता पत्रावर होता, चौकशी केली तर लिफ्ट बंद आहे कळलं, म्हणून आले. न बोलावता, हत्यारांची पिशवी घेऊन.

मी म्हणाले, “अहो, कशाला एवढं?”

त्यांनी वर बघितलंच नाही. “तुम्हीच लिहिलंत ना, विसरला नाहीत म्हणून.”

किती सच्चा माणूस. डोळे मात्र खोल गेलेत. वाळलाही आहे. वय होतं.

२ मार्च

लिफ्ट चालू. मिस्त्री पाच वेळा आले, सुटे भाग स्वतः आणले. पैशांचं पाकीट पुढं केलं तर असे मागं सरकले की पाकिटात साप असावा.

“आता झालं ना, बाई?” असं दोनदा विचारलं.

मी हसून म्हणाले, “झालं कसलं, मिस्त्री! ही तर सुरुवात आहे.”

त्यांनी कपाळ पुसलं आणि पिशवी उचलून जिन्यानं गेले. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टनं का नाही कोण जाणे.

लगेच दुसरं पत्र टाकलं: ‘लिफ्टमध्ये पाय ठेवला की रोज तुम्हीच आठवता. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तुमच्याबद्दल सांगते.’

ज्यांचे गुडघे दुखतात ते अशील आता वर येऊ लागले. नवीन कामं सहा.

९ मार्च

मिस्त्रीची बायको आली होती. बारीक, नीटनेटकी बाई. खुर्चीच्या कडेवर बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“तुमची दोन्ही पत्रं हे कपाटात कुलपात ठेवतात,” म्हणाली. “किल्ली मला देत नाहीत.”

मला भरून आलं. “इतकं जपतात?”

“झोप नाही त्यांना. जेवण नाही.” मग माझ्याकडं टक लावून म्हणाली, “तुम्ही मोठ्या आहात, बाई. आमचं काय, आम्ही पायपुसणी. पण किती दिवस चालायचं हे?”

“मी थांबणार नाही,” मी म्हणाले. “ज्यांनी केलं त्यांना ते मिळालंच पाहिजे!”

ती उठली आणि गेली. बिचारीला कौतुकाची सवय नसावी. बाहेरच्या खोलीतून ताई बराच वेळ दाराकडं बघत होती. “चहा तरी घ्यायचा होता तिनं,” एवढंच बोलली. तिचा आवाज मला आवडला नाही.

१७ मार्च

वकील संघानं भाषणाला बोलावलंय. विषय: ‘आभारातून वकिलीची वाढ’. नऊ नवीन अशील झालेत आणि ते सगळीकडं पसरलंय. मोठ्या साहेबांनी फोन करून विचारलं, “काय जादू केलीत?” मी म्हणाले, “एक शब्द शिकले, साहेब. तुमच्या ऑफिसात कधी कानावर पडला नव्हता.” अकरा वर्षांचा चहा गोड झाला.

खिडकीतून मिस्त्री दिसले. समोरच्या फुटपाथवर, पिशवी घेऊन, वर बघत उभे. मी हात केला. झटकन वळून गेले.

दुपारी पुन्हा तिथंच.

२६ मार्च

सभागृह भरलं होतं. मी बोलले आणि काय बोलले! वकिली म्हणजे केवळ जीभ नव्हे, स्मरणशक्ती. कायद्याची नव्हे, माणसांची! ज्याला कुणाचं केलेलं आठवत नाही त्यानं न्यायाची आठवण कुणाला करून देऊ नये! टाळ्यांवर टाळ्या. मग मी मिस्त्रीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण खटला कुणाला ठाऊक नाही? एका साध्या पत्रानं तो माणूस हत्यारं घेऊन धावत आला, लिफ्ट उभी केली, पैशाला शिवला नाही.

शेवटी प्रश्न. मागच्या रांगेतून काटेतराजू उठला. मला वाटलं आता खवचटपणा करणार. तो अगदी साधेपणानं म्हणाला, “छान झालं भाषण. एकच विचारतो. त्यांनी पैसे का नाही घेतले?”

मी म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं. तराजूत जे मावत नाही ते तुम्हाला दिसत नाही.”

सभागृह हसलं. तो नाही हसला. तो खाली बसला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

२७ मार्च

का नाही घेतले?

छे. त्याचं कामच आहे कीड सोडायचं.

२ एप्रिल

आजच लिहायला हवं.

अकरा वाजता लिफ्टमध्ये शिरले. दार लागणार तेवढ्यात मिस्त्री आत आले. मी म्हणाले, “वा, शंभर वर्षं आयुष्य!” दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे त्यांनी बटणांच्या पेटीचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि लिफ्ट थांबली. समोर नुसती भिंत, तिच्यावर सिमेंटचे ओघळ.

“बिघडली का?”

“मी थांबवलीय.” हातात पाना होता. “इथं कुणाला ऐकू जात नाही. आता सांगा, बाई. काय पाहिजे तुम्हाला?”

“मिस्त्री, मला काही—”

“लिफ्ट करून दिली. भाग माझे, मजुरी माझी. तरी दुसरं पत्र. बायको येऊन पाया पडायच्या बेतात होती, तिला म्हणालात थांबणार नाही. भर सभेत गोष्ट सांगितलीत. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता म्हणे. पोलिसांत देणार आहात तर द्या एकदाचं! हे असं हलाल का करताय?”

“अहो, मी आभार मानत होते!”

“आभार!” ते ओरडले आणि लिफ्ट हलली. “तुम्ही केलेलं मी विसरलेले नाही. हे आभार? आमच्या गल्लीत हे वाक्य बोलून माणसं सुरे काढतात! तुम्ही आणि मी दोघंही जाणतो, हे आभार? ती ओळ मी मागून लिहिली हे तुम्हाला ठाऊक. तुम्हीच म्हणालात, घरी जा, वही नीट बघा, नोंद असणारच. मी ओळखलं काय ते. लिहून आणली. तुम्हाला पाहिजे ते दिलं ना मी? मग तीन वर्षांनी—”

मी भिंतीवरच्या ओघळांकडं बघत राहिले.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाना हळूहळू खाली आला.

“तुम्हाला... माहीत नव्हतं?”

मी मान हलवली.

“म्हणजे तुम्ही खरंच आभार मानत होतात?”

ते पिशवीवर मटकन बसले आणि हसायला लागले. मी अनेक तऱ्हेची रडणी पाहिली आहेत, असं हसणं पाहिलं नव्हतं. मग सगळं सांगितलं. त्या महिन्यात ते तपासणीला गेलेच नव्हते. मुलीचं बाळंतपण होतं, घरूनच सही केली. व्यवस्थापकानं दोनदा फोन केला होता, लिफ्ट कुरकुरते म्हणून. उद्या येतो, उद्या येतो, करत सहा दिवस गेले. मग लिफ्ट पडली.

“तो ओरडून सांगत होता कोर्टात, मीच फोन केला होता म्हणून,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही त्याला असा झोडपला, बाई, की मलाच वाटायला लागलं, खोटा तोच आहे.”

त्यांनी पेटीत पुन्हा बोट घातलं. लिफ्ट वर आली. दार उघडलं. ताई फायली घेऊन उभी होती. आम्हा दोघांची तोंडं बघून ती बाजूला झाली.

३ एप्रिल

जुन्या फायलीतून त्या पानाची प्रत काढली. खिडकीशी नेली. बाकी सगळ्या ओळी सैल, तिरप्या, घाईतल्या. ही एकच ओळ सरळ, जपून लिहिलेली, जसं मूल परीक्षेत लिहितं. आंधळ्यालाही दिसेल. काटेतराजूला दिसलं होतं.

मला दिसलं नव्हतं का?

इथं कुणी न्यायाधीश नाही, टाळ्या नाहीत. वही हातात आली तेव्हा त्या ओळीवर माझं बोट अडलं होतं. अर्धं मिनिट. मग ते वाक्य सुचलं, सत्याला जागा कमी पडते ते, आणि ते इतकं सुंदर होतं की मी पुढं काही बघितलंच नाही.

४ एप्रिल

मिस्त्री नवरा-बायको आले. टेबलावर कागद ठेवला. वकीलपत्र. छापील नमुना, चष्म्याच्या दुकानाशेजारून आणलेला. खाली मिस्त्रीची सही झालेली. वकिलाच्या सहीची जागा कोरी.

बायको म्हणाली, “ह्यांची वकील तुम्हीच व्हा. आम्ही विचारून आलोय. वकिलाला अशिलाचं गुपित बाहेर सांगता येत नाही म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना ठाऊक असतं ते. टीव्हीवर दाखवतात.”

मी म्हणाले, चार दिवस द्या.

ते गेल्यावर ताई आत आली. दार लोटलं. “चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते तुझ्या पत्रानं पाडलं. आता सांग, खरं आहे का ते? सही केलीस की जीभ बंद?”

“त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं तेव्हा ते माझे अशील नव्हते.”

“मग?”

“पण सही केली तर ते आधीचंही त्यात बुडवता येईल. मला येतं तसं करता.”

“आणि नाही केलीस तर?”

“तर मला जाऊन सांगावं लागेल, की साक्षीदाराला मीच वाट दाखवली. निकाल उलटेल. माझी चौकशी होईल. सनद राहील की जाईल, कोण जाणे. हे ऑफिस तर...” मी हात फिरवला. दोन खोल्या, अकरा फायली. प्रत्येक फाईल एका पत्रानं आलेली.

ताई म्हणाली, “हा बारावा. वाढतोय धंदा.”

मी ओरडले तिच्यावर. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “लहानपणी तू काचेची बरणी फोडलीस आणि बाबांपुढं असं भाषण केलंस की त्यांनी मांजराला घराबाहेर काढलं. आठवतं?”

आठवत नव्हतं. आता आठवतं.

कागद अजून टेबलावर आहे. त्याच्यावर पेपरवेट ठेवलाय. सही करायला तीन सेकंद लागतात.

६ एप्रिल

गणिताच्या बाईंकडं गेले. त्या माझ्या अशील, आधी त्यांना सांगायला हवं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गणितं सोडवत बसल्या होत्या. काठी खुर्चीला टेकलेली. यजमानांची खुर्ची समोर, रिकामी, पण उशी झटकलेली.

मी सगळं सांगितलं. प्रथमच आयुष्यात लहान वाक्यांत सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे तो दुसरा मनुष्य दोन वर्षं आत आहे.”

“हो.”

“आणि तो फोन करत होता. लिफ्ट कुरकुरते म्हणून.”

“हो. बाई, निकाल उलटला तर तुम्हाला पुन्हा साक्षीला यावं लागेल. सगळं पुन्हा. ती लिफ्ट, ते...”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

“मी चाळीस वर्षं शिकवलं,” त्या म्हणाल्या. “उत्तर बरोबर आलंय असं वाटलं तरी रीत तपासायची. रीत चुकली असेल तर गुण नाहीत. तुम्हाला मी पूर्ण गुण दिले होते.” मग काठी घेऊन उठल्या आणि मला दारापर्यंत पोचवायला आल्या नाहीत. आत गेल्या.

८ एप्रिल

मिस्त्रीला बोलावलं. वकीलपत्र माझी सही न करताच परत दिलं.

“मी तुमची वकील होणार नाही.”

“बाई, मला नातू आहे.”

“ठाऊक आहे. दुसरा चांगला वकील गाठा, मी दोन नावं लिहून देते. पण उद्या दहा वाजता मी व्यवस्थापकाच्या वकिलांकडं जाऊन सांगणार आहे. माझा भाग सांगणारच आहे, तुमच्यावर ढकलणार नाही. वाट मीच दाखवली. पण तुम्ही आधी स्वतः सांगितलंत तर तुमचं ओझं कमी होईल. हे मी वकील म्हणून सांगत नाही.”

“मग काय म्हणून?”

मी वकीलपत्र त्यांच्याकडं आणखी सरकवलं.

त्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक केली, इवलीशी होईपर्यंत. “तुम्ही पत्र लिहिलं नसतंत तर...” म्हणाले.

“तर आपण दोघं सुखात असतो,” मी म्हणाले. “आणि तो आत.”

ते जिन्यानं गेले. मी बासष्ट पायऱ्यांवर त्यांची पावलं मोजत होते. चाळीसच्या आसपास थांबली. मग पुन्हा खाली गेली.

९ एप्रिल

काटेतराजूचं ऑफिस तळमजल्यावर आहे. बाहेर लाकडी बाक. दहाला दहा कमी असताना पोचले. बाकावर आधीच दोघं बसली होती. मिस्त्रीनं छातीशी वही धरली होती. बायकोनं मला जागा करून दिली. आम्ही तिघं बसलो, डॉक्टरकडं बसतात तशी.

काटेतराजूनं मिस्त्रीचं आधी ऐकलं, मग माझं. मी संपवलं तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. पुसतच राहिला.

“ती ओळ मला तेव्हाच दिसली होती,” म्हणाला. “मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत. घरी जाऊन मी ते उत्तर बायकोला ऐकवलं. इतकं चांगलं होतं. आणि मग मला वाटलं, कदाचित तेच खरं असेल.”

“तुमचे आभार—” मी सवयीनं म्हणाले.

“नको,” तो म्हणाला. कोरे कागद माझ्याकडं सरकवले. “शपथपत्र लिहा. तुमच्या हातानं. आणि एक विनंती. सुंदर लिहू नका.”

मी लिहिलं. पावणेदोन पानं. एकही उपमा नाही.

१२ एप्रिल

बातमी दोन दिवसांत पसरली. अकरांपैकी सहा फायली परत गेल्या. पाववाल्याचा भाऊ येऊन म्हणाला, “मला वकील पाहिजे, संत नको. पण तुम्ही संतही दिसत नाही, तेव्हा राहू दे फाईल.” टंकलेखिका कोर्टात दिसली. मान खाली घालून गेली, मग वळून परत आली आणि नुसती शेजारी उभी राहिली.

मोठ्या साहेबांचं टेबल भरलं म्हणे. नियम पाळणाऱ्या कुणाला तरी दिलं.

चौकशीची तारीख पुढच्या महिन्यात. व्यवस्थापकाच्या सुटकेचा अर्ज काटेतराजूनं आज दाखल केला. निदान तीन आठवडे लागतील. दोन वर्षांत आणखी तीन आठवडे, तेही माझेच.

ताईनं खणातलं ते पोस्टकार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं. ‘मलाही एक पाठवायला सांगा.’ शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि फोनपाशी जाऊन बसली. फोन वाजत नव्हता.

बाहेर उजेड होता, खालच्या चष्म्याच्या दुकानात कुणी तरी तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं, मोठी, मग त्याहून लहान, मग त्याहून. मी त्या माणसाला लिहायला घेतलं. त्यानं दोनदा फोन केला होता हे लिहिलं. तो खरं बोलत होता आणि मी लोकांना हसवलं, हे लिहिलं. क्षमा मागितली नाही, ती मागितली की त्याला काहीतरी द्यावं लागेल, आणि त्याच्याकडून मी पुष्कळ घेतलंय. शेवटाला आले आणि हात दोन महिन्यांच्या सवयीनं आपोआप पुढं गेला: ‘तुम्ही केलेलं मी विसरलेले नाही.’

बघत राहिले.

दुसरा कागद घेता आला असता. घेतला नाही. ‘तुम्ही’ खोडलं आणि वर, दोन ओळींच्या मधे दाटीवाटीनं, ‘मी’ लिहिलं. आणि समासात, त्या ओळीच्या अगदी शेजारी, आजची तारीख घातली.